रूळ जागेवर कशामुळे राहतो? रुळाचा आकार, ‘चावी’ आणि भंगारातल्या तुकड्याची गोष्ट

बीड : आष्टीला पहिली गाडी आली २३ सप्टेंबर २०२२ ला. त्यानंतर तीन वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२५ ला, ती बीडपर्यंत पोचली. अहिल्यानगर-बीड-परळी हा सगळा मार्ग २६१ किलोमीटरचा. परळीकरांना रेल्वे जुनीच, पण आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, बीड या पट्ट्यातल्या कित्येक गावांच्या शिवारातून रूळ पहिल्यांदाच गेलाय. जनावरं राखताना, शेतात जाता-येताना तो रोज नजरेसमोर असतो, म्हणून प्रश्नही रोज कानावर येतात. एवढा जड रूळ नुसता खडीवर ठेवलाय का? बाजूला ते वाकडं लोखंड कसलं? उन्हाळ्यात रूळ वाढतो म्हणतात, मग मधे फटी का दिसत नाहीत? आणि एक प्रश्न जरा हळू आवाजात येतो : भंगारात रुळाचा तुकडा स्वस्तात मिळतोय, गोठ्याला खांब म्हणून घ्यावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो. पावतीशिवाय घेऊ नका. का ते पुढं येईल, पण त्यासाठी आधी रूळ समजून घ्यायला हवा.

रुळाचा आकार असा का?

रूळ आडवा कापून समोरून बघितला तर त्याचे तीन भाग दिसतात. वर जाड डोकं, मधे बारीक कंबर आणि खाली पसरट तळ. डोक्यावरून चाक चालतं, ते झिजणार हे धरूनच तिथं लोखंड जास्त ठेवलेलं असतं. तळ रुंद असतो म्हणजे रूळ कलंडत नाही आणि वरचा भार खाली पसरतो. कंबर बारीक असली तरी तिची उंची महत्त्वाची. स्लॅबचा गर्डर आडवा न टाकता उभा का टाकतात, तोच हिशोब इथं आहे. तेवढंच लोखंड सपाट पट्टी करून अंथरलं असतं तर पहिल्याच इंजिनाखाली ते वाकलं असतं.

चाक आणि रूळ एकमेकांना टेकतात ती जागा जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी असते. मालगाडीच्या एका आसावर, म्हणजे दोन चाकांवर मिळून, वीस टनांहून जास्त वजन येतं. म्हणजे नखाएवढ्या जागेवर दहा टन. त्यासाठी लागणारं पोलाद साध्या सळईचं नसतं, त्यात कार्बन आणि मँगनीज जास्त असतं. आपल्या रेल्वेचे बहुतेक रूळ छत्तीसगडमधल्या भिलाईच्या सरकारी कारखान्यात तयार होतात.

रूळ ओळखायची पद्धत सोपी आहे : एक मीटर लांबीचं वजन किती. सध्या दोनच आकडे ध्यानात ठेवले तरी पुरे, ५२ किलो आणि ६० किलो. ५२ किलोचा रूळ १५६ मिलिमीटर उंच आणि तळाशी १३६ मिलिमीटर रुंद. ६० किलोचा १७२ मिलिमीटर उंच, तळ १५० मिलिमीटर. मीटरभर तुकडा सिमेंटच्या गोणीपेक्षा जड, हे लक्षात घ्या. एका किलोमीटरच्या लाईनला दोन रूळ मिळून साधारण १२० टन पोलाद लागतं.

हा आकडा रुळावरच उठावदार अक्षरांत लिहिलेला असतो. कमरेच्या एका बाजूला ठरावीक अंतरावर रुळाचा प्रकार, पोलादाची प्रत, कारखान्याचं नाव आणि तयार झाल्याचा महिना व वर्ष गरम असतानाच उमटवतात. बऱ्याच जुन्या रुळांवर ‘९० आर’ असं दिसतं. तो ब्रिटिश मापातला, एका यार्डाला ९० पौंड, म्हणजे मीटरला साडेचव्वेचाळीस किलोच्या आसपास.

आपल्या शेजारची बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली सुरू झाली तेव्हा दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर होतं आणि एका आसावरचं वजन ५ टनांच्या आत ठेवलं होतं. त्यामुळे हलक्या रुळांवर काम भागलं. आता कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंद झालाय, अंतर १६७६ मिलिमीटर, आणि भार चौपटीच्याही पुढं. रूळ जाड का होत गेले, हे यातच आलं.

एक जुनी गंमतही सांगण्यासारखी आहे. इंग्रजांच्या सुरुवातीच्या काळात वर आणि खाली दोन्हीकडं सारखंच डोकं असलेले रूळ होते. वरची बाजू झिजली की रूळ उलटा करायचा आणि परत वापरायचा, असा काटकसरीचा विचार. पण रूळ ज्या लोखंडी बैठकीत बसायचा, तिथं खालच्या डोक्याला दणके बसून खाचा पडायच्या. उलटा केला की गाडी त्या खाचांवरून उड्या मारायची. शेवटी तो नाद सोडावा लागला आणि पसरट तळाचा रूळ सगळीकडं आला.

रुळाला धरणारी ‘चावी’

आता त्या वाकड्या लोखंडाकडं येऊ. कागदोपत्री त्याला इलॅस्टिक रेल क्लिप म्हणतात, बरेच जण पॅन्ड्रोल क्लिप म्हणतात, आणि लाईनवर काम करणारे नुसतं ‘चावी’. पेर पांडे-रोल्फसेन नावाच्या नॉर्वेच्या रेल्वे इंजिनिअरनं १९५७ च्या सुमारास ही युक्ती काढली. दिसायला इंग्रजी ‘ई’ अक्षरासारखी. आपल्याकडं सर्रास दिसणारी चावी बोटाएवढ्या जाड, म्हणजे वीस मिलिमीटरच्या थोड्या वरच्या गजाची असते आणि तिचं वजन किलोच्या आतच भरतं. पण हा गज साधा नाही, ते स्प्रिंगचं पोलाद आहे.

तिची बैठक अशी असते. खाली सिमेंट काँक्रीटचा स्लीपर, लांबी २.७५ मीटर, वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास. स्लीपर ओततानाच त्यात बिडाचा एक तुकडा पक्का बसवलेला असतो, त्याला भोक असतं. रूळ थेट काँक्रीटवर टेकत नाही, मधे रबराचं पॅड असतं. रुळाच्या तळाच्या दोन्ही कडांवर लायनर बसतो, म्हणजे पातळ पट्टी, काही ठिकाणी लोखंडी, काही ठिकाणी नायलॉनची. मग चावीचा सरळ दांडा बिडाच्या भोकात हातोड्यानं ठोकून सारतात. ठोकताना चावी ताणली जाते आणि तिचं नाक लायनरवर, म्हणजे पर्यायानं रुळाच्या तळावर, दाब देऊन बसतं.

हा दाब किती? एका चावीचा ८५० ते ११०० किलो. किलोभरही वजन नसलेली वस्तू जवळपास टनाचा दाब देते, तेही चोवीस तास. जास्त भाराच्या मार्गांवर आता आणखी जाड, २३ मिलिमीटरच्या गजाची चावी येतेय, तिचा दाब १२०० ते १५०० किलो. प्रत्येक स्लीपरला चार चाव्या, रुळाच्या आत एक आणि बाहेर एक. एका किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर, म्हणजे ६६४० चाव्या.

स्प्रिंगच का, बोल्ट का नाही? गाडी गेली की रूळ थोडा दबतो, परत वर येतो. दिवसभर हजारो चाकांचे हादरे. बोल्ट असता तर ढिला पडला असता. पेरणीयंत्राचे नट दोन एकरांत कसे सुटतात, ते आपल्याला माहीत आहेच. स्प्रिंग मात्र रुळाबरोबर हलते आणि दाब सोडत नाही.

पूर्वी लाकडी स्लीपर होते, त्यात मोठे खिळे ठोकत. नंतर बिडाचे आणि पोलादी स्लीपर आले. त्यांच्यात रूळ आवळायला लोखंडी पाचर मारायचे, तिला इंग्रजीत ‘की’ म्हणजे चावी म्हणत. ती हादऱ्यानं रोज ढिली व्हायची. म्हणून रोज खांद्यावर हातोडा टाकून लाईन चालत जाणारा आणि पाचरा ठोकत जाणारा माणूस लागायचा, तो कीमन. पाचरा गेल्या तरी कीमन राहिला. आजही नारिंगी जाकीट घातलेला एखादा माणूस सकाळी रुळांमधून खाली मान घालून चालताना दिसला, तर तो बहुधा तोच. पाच-सात किलोमीटरचा त्याचा पट्टा. निघालेली चावी बसवणं, लायनर बघणं, रुळाला तडा आहे का पाहणं, हे त्याचं काम. आपण रातराणी बसमधे झोपतो तसे हजारो लोक त्याच्या भरवशावर गाडीत झोपलेले असतात, आणि त्याच्याशी दोन शब्द बोलणारेही गावात फार नसतात, हे मला खटकतं.

फटी गेल्या कुठं?

जुन्या लाईनवर रूळ तेरा मीटरचे असायचे. दोन रुळांमधे थोडी फट ठेवून बाजूनं लोखंडी पट्ट्या, म्हणजे फिश प्लेट, बोल्टनं आवळायच्या. गाडीचा तो खटखट-खटखट आवाज याच फटींचा. प्रत्येक फटीवर चाक आदळायचं, रुळाची टोकं चेपायची, बोल्ट सुटायचे. म्हणून आता रूळ एकमेकांना वेल्डिंग करून किलोमीटरच्या किलोमीटर सलग करतात.

पण मग उन्हाळ्यात वाढायचं कुठं? दुपारी ठिबकची नळी रानात कशी वळवळते, ते आठवा. पोलाद प्लॅस्टिकएवढं वाढत नाही, तरी वाढतंच. आपल्याकडं मे महिन्यात हवा ४२ अंशांवर असते तेव्हा रूळ त्याहून पंधरा-वीस अंशांनी जास्त तापतो. थंडीतल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत ५० अंशांचा फरक धरला, तर मोकळा ठेवलेला एक किलोमीटर रूळ ५७-५८ सेंटिमीटर वाढेल. म्हणजे जवळपास दोन फूट.

सलग रुळाला ही वाढ करूच द्यायची नाही, असा इथला विचार आहे. चाव्या रुळाला स्लीपरशी आवळतात, स्लीपर खडीत रुतलेला असतो, खडी त्याला हलू देत नाही. लांबच लांब रुळाची दोन्ही टोकं तेवढी थोडीफार सरकतात, मधला सगळा भाग जागचा हलत नाही. वाढ झाली नाही म्हणून जोर नाहीसा होत नाही, तो रुळातच दाबून राहतो. ६० किलोच्या एका रुळात दर अंशाला साधारण १.९ टन. तीस अंश फरक पडला की ५७ टन. दोन्ही रुळांत मिळून शंभर टनांच्या वर. आणि हा जोर गाडी नसतानाही, मोकळ्या लाईनीतही असतो.

म्हणून रूळ कोणत्या तापमानाला आवळायचा हे आधी ठरवतात, त्या भागातल्या सरासरीच्या थोडं वर. त्याहून जास्त तापला की तो दाबला जातो, गार झाला की ताणला जातो. लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव तापवून चढवतो आणि गार झाली की ती चाकाला आवळून धरते, तसाच ताण थंडीत रुळात भरतो.

यातून दोन धोके निघतात. उन्हाळ्याच्या दुपारी कुठं पकड कमी असेल तर सगळा जोर तिथून बाहेर पडतो आणि रूळ स्लीपरसकट सापासारखा वळतो. थंडीच्या रात्री उलटं. आधीच बारीक तडा असेल, वेल्डिंग कच्चं असेल, तर ताणानं तिथं रूळ तुटतो आणि फट पडते. म्हणूनच रेल्वे दोन्ही ऋतूंत खास गस्त घालते, उन्हाळ्यात दुपारची आणि थंडीत रात्रीची. आतला तडा डोळ्याला दिसत नाही, त्यासाठी ध्वनिलहरींचं यंत्र रुळावरून फिरवतात. दवाखान्यातल्या सोनोग्राफीचीच ती जात.

२६ नोव्हेंबर १९९८ ची पंजाबातल्या खन्नाजवळची पहाट रेल्वेवाले विसरत नाहीत. तुटलेल्या रुळावरून एका मेल गाडीचे डबे घसरले आणि शेजारच्या रुळावर पडले. काही मिनिटांत समोरून सियालदाहला जाणारी एक्स्प्रेस त्यांच्यावर आदळली. २०० हून जास्त माणसं गेली.

खडी आणि चावी : कुणाच्या कामाची नाही

आता गावाशी संबंध येतो. एक चावी निघाली म्हणून गाडी लगेच घसरत नाही, शेजारच्या चाव्या भार घेतात. पण सलग काही स्लीपरांच्या निघाल्या तर वळणावर रूळ बाहेरच्या बाजूला कलंडू शकतो, दोन रुळांमधलं अंतर वाढतं आणि चाक आत पडतं. शिवाय वर सांगितलेला ५७ टनांचा जोर धरायला तिथं काहीच उरत नाही. भंगारात किलोभर लोखंडाला मिळणार ते किती? जे हे काढतात त्यांना त्याची किंमत कळत नाही असं नाही, त्यांना फक्त भंगाराचा दर कळतो.

खडीचंही तेच. स्लीपरच्या टोकाबाहेर खडीचा जो खांदा असतो तो उगाच सांडलेला वाटतो. घरापुढं चिखल झाला की दोन पाट्या आणाव्यात असा मोह होतो. पण उन्हाळ्यात रूळ बाजूला वळायला लागतो तेव्हा त्याला अडवणारा तोच खांदा असतो. तिथून खडी नेणं म्हणजे बांध फोडण्यासारखं आहे.

कायदा इथं कडक आहे. रेल्वे मालमत्तेचा बेकायदा ताबा, याचा १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. चोरीचा असावा असा वाजवी संशय असलेला रेल्वेचा माल तुमच्याकडं सापडला, तर तो कायदेशीर मार्गानं आला हे तुम्हाला दाखवावं लागतं. ‘मी चोरला नाही, विकत घेतला’ एवढ्यानं भागत नाही. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि न्यायालयानं खास कारण नोंदवलं नाही तर किमान एक वर्ष कैद आणि हजार रुपये दंड. आपल्या शेतात किंवा शेडमधे असा माल जाणूनबुजून ठेवू देणाऱ्या जागामालकालाही तोच कायदा लागतो. आणि गाडीला धोका व्हावा म्हणून रूळ, स्लीपर उखडणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १५० खालचा गुन्हा, त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. त्यात जीव गेले तर फाशीही होऊ शकते.

मग गावोगाव जुन्या रुळांचे खांब दिसतात ते सगळे चोरीचे का? अजिबात नाही. रेल्वे झिजलेले रूळ आणि जुनं सामान लिलावानं विकते, आता हे लिलाव ऑनलाईन होतात. तिथून घेतलेला माल व्यापाऱ्याकडून तुमच्यापर्यंत येऊ शकतो. त्याच्याकडं लिलावाची कागदं असतातच, त्याची प्रत आणि स्वतःच्या नावाची पावती मागून घ्या. देत नसेल तर तो तुकडा गोठ्यात आणू नका. तुकड्यावरचं उठावदार वर्ष वाचा. ‘खूप जुना माल’ म्हणून सांगितलेल्या रुळावर अलीकडचं साल दिसलं, तर तिथूनच परत फिरा. आणि सुट्या चाव्या कुणी विकायला आणल्या तर घेण्याचा प्रश्नच नाही. घरगुती कामात त्यांचा उपयोग नसतो.

तुटलेला रूळ दिसला तर

लाईनवर मुद्दाम चालायला जाऊ नका, तो गुन्हाही आहे आणि जीवाशी खेळही. पण बांधावरून, फाटकावरून जाताना रुळात फट, वळलेला रूळ, सलग निघालेल्या चाव्या, पावसात खडीखालची वाहून गेलेली माती दिसली, तर एक मिनिटही थांबू नका. फाटक किंवा स्टेशन जवळ असेल तर आधी तिथं कळवा, कारण गाडी थांबवण्याचं साधन त्यांच्या हातात असतं. नाहीतर १३९ वर फोन लावा. हा रेल्वेचा देशभराचा मदत क्रमांक आहे.

फोनवर ‘आमच्या मळ्याजवळ’ सांगून उपयोग नाही. लाईनच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, विजेची तार असेल तिथं प्रत्येक खांबावर पाटी असते. वर किलोमीटरचा आकडा, खाली खांबाचा क्रमांक. हे दोन आकडे वाचून सांगितले की अधिकाऱ्याला जागा बिनचूक कळते. मोबाईलनं लांबूनच फोटो काढता आला तर काढा, पण आधी फोन.

गाडी येताना दिसतच असेल तर तुटलेल्या जागी उभं राहून काही होत नाही. शंभरच्या वेगातली गाडी थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर लागतं. रुळाच्या बाजूनं, रुळापासून अंतर ठेवून, गाडीच्या दिशेनं पळत जा. दिवसा लाल कापड हलवा, ते नसेल तर दोन्ही हात डोक्यावर सरळ वर धरा. रात्री हातात जो दिवा असेल, बॅटरी किंवा मोबाईलची का असेना, ती जोरजोरात हलवा. चालकाला या खुणा ‘थांब’ अशाच शिकवलेल्या असतात. काही ठिकाणी रूळ पूर्ण तुटला की सिग्नल आपोआप लाल होतो, कारण रुळातून बारीक वीज खेळवलेली असते. पण अर्धवट तड्यात वीज चालूच राहते, म्हणून त्या भरवशावर राहू नये.

उसाच्या ट्रॉल्यावाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. फाटकावर रस्ता आणि रुळाच्या आतल्या कडेत पाच-साडेपाच सेंटिमीटरची खाच मुद्दाम सोडलेली असते. चाकाची आतली कड खाली उतरलेली असते, ती या खाचेतून जाते. टायरचा चिखल, खडे, उसाची कांडी त्यात ठासून बसली तर चाक वर उचललं जाऊ शकतं. लोखंडी चाकं लावून ट्रॅक्टर फाटकातून नेला तर रस्ता आणि रूळ दोन्हीला मार बसतो. चिखलणीची चाकं फाटकाच्या अलीकडंच काढावीत, आणि खाचेत काही पडलेलं दिसलं तर स्वतः काढायला न वाकता फाटकवाल्याला सांगावं. तो गाडीची वेळ बघून काढतो.